माटोळीतले ग्रह

परब सर कुणाकडेही गेले की आधी गोल वस्तू शोधायचे. आत चहा उकळतोय तोवर हे परसात पपनस तळहातावर तोलत उभे. "याचा शनी होईल," असं पुटपुटायचे, आणि घरची माणसं बिचारी समजायची, मास्तरांना पपनस हवंय.

पेडण्यातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. पणजीच्या विज्ञान प्रदर्शनाला दर वर्षी शाळेची सूर्यमाला जायची. थर्माकोलची, म्हापशाहून विकत आणलेली. रंग तेवढा मुलांचा. सरांना ते पाहवत नसे. "बाजारातला ग्रह आपल्या आभाळात कशाला, बाई? जाळला तर धूर, पुरला तर तसाच." हेडमास्तरांशी त्यांनी वर्षानुवर्षं वाद घातला. हेडमास्तर ढिम्म. शेवटी सरांच्या निवृत्तीच्या वर्षी एकदाचे म्हणाले, "बरं, यंदा तुमची पाठवू." त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये नुसते हसत बसले होते.

त्या साली प्रदर्शन गणेशचवथीनंतर लगेचच होतं. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला फळं टांगतात ती माटोळी. सरांनी आपल्या घरच्या माटोळीतच सूर्यमाला बांधली. मधोमध आरतीला वाजवायच्या घुमटाचं, कातडं फुटलेलं मडकं, हळदीनं माखलेलं, तो सूर्य. भोपळ्याचा गुरू. पपनसाचा शनी, त्याला तांदूळ धुवायच्या जुन्या रोवळीची बांबूची कामटी वाकवून केलेलं कडं. पेरूची पृथ्वी, पिकल्या सुपारीचा मंगळ. सगळं सुंभानं बांधलेलं. दर्शनाला येईल त्याला हे आधी ग्रह दाखवायचे, मग गणपती. "प्रदर्शन झालं की मुलांना कापून देऊ. कचरा म्हणून काही उरायलाच नको," मला म्हणाले. इतकं देखणं काम मी आजवर पाहिलेलं नाही, आणि माझ्या तोंडून कौतुक सहसा निघत नाही.

घात झाला विसर्जनाच्या दिवशी. सर गणपती घेऊन ओहोळावर गेले. मागे त्यांच्या म्हाताऱ्या काकीनं दर वर्षीप्रमाणे माटोळी उतरवली आणि प्रसाद म्हणून वाड्यावर घरोघर वाटून टाकली. सर परतले तेव्हा सूर्य तेवढा उरला होता. तो खायचा नव्हता ना. "देवाचां तां वाटूकच व्हयां," काकी म्हणाली. तिचं तरी काय चुकलं? जन्मभर ती तेच करत आली होती.

मी तणतणत गेले. "सर, अजून कुणी चिरलं नसेल. घरोघर जा, मागून आणा."

"देवाचा प्रसाद परत मागायचा, बाई? कुठल्या तोंडानं?" एवढं बोलून ते मडकं पुसत बसले.

पणजीला थर्माकोल गेलं. सर निवृत्त झाले. "पुढच्या चवथीला बांधू," म्हणायचे. पुढची चवथ त्यांना दिसलीच नाही.

बाराव्याला त्यांच्या घरी गेले होते. शेजारच्या रुक्मिणीवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. "बाई, सरांच्या माटोळीतलो पेरू आमच्या वाट्याक इल्लो. त्यात बांबूची काडी होती, ती पण तिरपी. ती कित्याक?"

मी सांगितलं, तो पेरू म्हणजे पृथ्वी होती. पृथ्वी कललेली असते, म्हणून सरांनी काडी तिरपी घातली. सगळं पणजीला न्यायचं होतं.

वहिनी म्हणाल्या, "सरांनी सांगूचां होतां. किती दिस तो पेरू आमच्या देवाकडेच होतो, चिरलोच नाय. परत दिलो असतो."