मोठ्या आईच्या पाळीची पानं

ऐक पोरी, फोन ठेवू नको. काऊन वं, कॉम्प्युटर अन् प्रिंटर मांडून गेलीस ती फिरकलीच नाहीस? यंत्र काय आपोआप शिकवते मला?

गेल्या वर्षावासाचं सांगते. पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत आपल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, घरागणिक पाळी. तुझी मोठी आई, माझी जाऊ, लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं पाळी चुकवली नव्हती. तेव्हा मात्र म्हणाली, "डोळ्याले अक्षर दिसत नाही वं आता. माही पाळी दुसऱ्या कोणाले दे."

मला ऐकवेना. म्हटलं, थांब, मोठ्या अक्षरात छापून देते.

तू पाठवलेलं ग्रंथातलं तिच्या पाळीचं प्रकरण कॉम्प्युटरवर उघडलं. माऊसचं चाक फिरवलं, अक्षरं चण्याएवढी झाली. छापायचं बटण दाबलं. पान निघालं तर अक्षर बारीकच. पुन्हा चाक फिरवलं, पुन्हा छापलं. तेच. मान धरली, कंबर धरली, भात तसाच झाकून राहिला.

जाऊबाईनं पान डोळ्यांजवळ नेलं. "मुंग्या छापल्या का माह्यासाठी?"

हसायचंही त्राण नव्हतं. तुला फोन लावला. तू म्हणालीस, "आई, तू नुसतं पडद्यावर मोठं करून राहिली. कागदावर त्यानं काही होत नाही. आधी सगळा मजकूर निवड, अक्षराचा आकार वाढव, मग छाप."

एवढंच होतं, पण त्यात दुपार गेली. या वयात शिकायचं म्हणजे दम लागतो बाई. एक ध्यानात ठेवलं की दुसरं निसटते.

या खेपेला अक्षरं खरंच मोठी आली. पानंही वाढली, अन् शेवटी शेवटी शाई फिकी पडत गेली. संध्याकाळी जाऊबाई पांढरं पातळ नेसून विहारात बसली, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. आवाज अजून खणखणीत. फिकी पानं आली तशी अडखळली, डोळे बारीक केले, मग कागद मिटले. "एवढंच दिसते मले."

उरलेलं मी ग्रंथातून वाचलं. ती शेजारी खाली मान घालून ऐकत होती.

यंदा पाळी पुरती वाचीन, असं जाऊबाई म्हणते. शाई आणून ठेवली आहे, पण ती भरायला माझा हात धजत नाही, अन् फोनवरचं मला उमजत नाही. पाळीच्या आधी ये बाई. दोन दिवस राहायलाच ये.