व्याह्यांच्या आधी रेघ ओलांडताना

माझे व्याही मला आजवर एकही वाईट शब्द बोललेले नाहीत, आणि माझा त्यांच्यावर राग आहे तो नेमका त्याचाच.

माझं जळगावात नळ, सिंक आणि फरश्यांचं दुकान आहे. हातगाडीवर नळाच्या तोट्या विकत मी इथवर आलो. त्यामुळे माणूस गोड बोलायला लागला की मी आधी खिसा चाचपतो. आणि धुळ्याचे आमचे नाना, म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, निवृत्त इंजिनिअर, ते इतकं गोड बोलतात की माझा हात खिशातून बाहेरच येत नाही!

रागाचं मूळ लग्नातलं आहे. जावयाचे पाय धुवायला मी सोवळं नेसून पाटासमोर खाली बसलो. बसलो तो बसलोच. पाय धुऊन झाले, पुसून झाले, भटजी पुढच्या मंत्राला लागले, आणि मला काही उठता येईना. (सोवळं नवं होतं, पोट जुनं होतं.) तेवढ्यात नाना मागून आले, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि "हळू भाऊ, हळू," म्हणत मला उचलून उभं केलं. सगळ्या मांडवासमोर! बरं, कॅमेरावाल्याने ते स्लो मोशनमध्ये टाकलं. मागे सनई. तेव्हापासून डोहाळजेवण असो, बारसं असो, वास्तुशांत असो, टीव्हीवर तो व्हिडिओ लागतो आणि आलेले पाहुणे एका सुरात म्हणतात, "हळू भाऊ, हळू!"

मागच्या बारशात तो पुन्हा लागला, तेव्हा मी घरी येऊन बायकोला म्हणालो, "मंगला, उद्यापासून मी पळणार."

"कोणाचं देणं आहे?" ती म्हणाली.

"अगं, व्यायाम! मेहरूण तलावावर लोक पळतात तसं. आणि धुळ्याची ती थंडीतली दौड असते ना, पाच किलोमीटरची, त्यात भाग घेणार. नानांनाही उतरायला लावणार. त्यांच्या गावात, त्यांच्या माणसांसमोर, त्यांच्या आधी रेघ ओलांडणार. मग लावा म्हणावं तो व्हिडिओ!"

"आधी पाटावरून उठून दाखवा," असं म्हणून तिने दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी बूट घ्यायला गेलो. तिथला पोरगेला सेल्समन म्हणाला, "काका, हे घाला, पायाला ढगावर चालल्यासारखं वाटेल."

"ढगावर चालायचं वय नाही माझं. भाव बोल."

"फिक्स रेट आहे काका."

फिक्स रेट! माझ्या दुकानातही ती पाटी आहे, त्यामुळे तिची खरी किंमत मला ठाऊक आहे. मी तीन वेळा दुकानाबाहेर पडलो, की मागून हाक येईल. तिन्ही वेळा हाक आली नाही आणि माझं मलाच परत यावं लागलं. शेवटी मी आवाज चढवला, त्याने वैतागून मोज्यांची जोडी फुकट दिली. फुकट दिली म्हणून मी ते मोजे दोन दिवस घातलेच नाहीत. काहीतरी असणार.

पहिल्या दिवशी तलावाकडे धावत निघालो तर मागून आमच्या मार्केटमधला सुभाष मोटरसायकलवर आला. मला पळताना बघून त्याने करकचून ब्रेक मारला. "शेठ! दुकानाला आग लागली का?"

"नाही रे, व्यायाम..." पण दम लागल्यामुळे एवढं वाक्य काही पूर्ण होईना. "नाही रे, व्या... व्या..."

"व्याह्यांचं काही झालं का? बसा, बसा मागे!" त्याने मला जवळजवळ उचलूनच गाडीवर घातलं आणि थेट दुकानासमोर नेऊन उभं केलं. त्या दिवसाचं माझं पळणं जातानाचं कमी आणि परत चालत येतानाचं जास्त झालं.

पण मी नेटाने लागलो. रोज पहाटे तलावाला चक्कर, आणि परतीच्या वाटेवर गाडीवरची गरम कचोरी. (घाम गेला की मीठ लागतं. हे विज्ञान आहे.) ही कचोरीची गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती. मंगलालाही नाही. आणि पहिल्याच रविवारी नानांचा फोन आला.

"काय भाऊ, गुडघा कसा शे?"

नाना एरवी शुद्ध बोलतात. ते अहिराणीत आले की मला जास्त भीती वाटते.

"गुडघ्याला काय धाड भरली?"

"तसं नाही, आज चक्कर जरा हळू झाली म्हणून विचारलं. आणि कचोरी गरम होती ना?"

मी आजूबाजूला बघितलं. धुळ्यात बसून या माणसाला जळगावची कचोरी दिसते? म्हणजे आपल्या गोटात कोणीतरी फितूर आहे!

पहिला संशय मंगलावर. तिचं आणि विहीणबाईंचं रोज फोनवर चालतंच. "तू सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगितलं?"

"कचोरीचं!"

"तुम्ही कचोरी खाता?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही, पण फितूर ती नव्हती हे सिद्ध झालं आणि सकाळचा नाश्ता बंद झाला.

मग दुकानातल्या माणसावर संशय घेतला. मग सुभाषवर. मग थेट कचोरीवाल्यावर. मी त्याची गाडी सोडून तलावाच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या गाडीवर जायला लागलो. पुढच्या रविवारी फोन वाजला.

"भाऊ, नवीन गाडीवरची कशी काय लागली?"

मी झाडामागे उभं राहून खाल्ली होती! आता सांगा, माणसाने विश्वास ठेवायचा तरी कोणावर? एकदा गडबडीत मी मोबाइल घरीच विसरून पळायला गेलो, तर त्या दिवशी नानांचा फोनच आला नाही. मी लगेच हिशोब जुळवला: त्या दिवशी तलावावरचा चहावाला आला नव्हता. म्हणजे फितूर तोच! दुसऱ्या दिवशी मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "धुळ्याला किती दिवसांपासून बोलणं आहे तुझं?"

तो बिचारा घाबरून म्हणाला, "शेठ, धुळ्याला माझी फक्त मावशी आहे."

मावशी! मला पुरावा मिळाला.

दौडीच्या आदल्या दिवशी आम्ही धुळ्याला गेलो. डिकीत भरिताची वांगी मी स्वतः निवडून घेतली होती. दौड झाली की नानांकडे भरिताचा बेत होता, आणि व्याह्यांकडच्या वांग्यांवर मी भिस्त ठेवणार नव्हतो. विहीणबाईंनी पिशवी बघितली, मंगलाकडे बघितलं, आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या. दुसऱ्या दिवशी दोघीही दौडीत उतरणार होत्या. "आम्ही आपल्या चालू हो गप्पा मारत," मंगला म्हणाली. मी हसलो. तेव्हा.

सकाळी मैदानावर छातीला लावायचा नंबर मिळाला. मी तो उलटसुलट करून पाहिला. "दुसरा दाखवा."

टेबलावरची मुलगी म्हणाली, "काका, नंबर बदलून मिळत नाही."

"आणि हे मागे काय चिकटवलंय?"

"चिप आहे काका. तुम्ही रेघ कधी ओलांडली ते कळतं त्याने."

"कोणाला कळतं?" मी आवाज खाली आणून विचारलं आणि नानांकडे बघितलं. नाना चांगले पांढऱ्या टोपीत उभे होते आणि हसत होते.

"काय भाऊ, आज कचोरी नही का?"

शिट्टी वाजली. आम्ही सुटलो. मी ठरवल्याप्रमाणे नानांच्या खांद्याला खांदा लावून धावत होतो. पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की हे माझ्यासाठी हळू धावतायत. मी हळू झालो की ते हळू. मी थांबलो की ते बुटाची नाडी बांधतात. (त्यांच्या बुटाला नाडीच नव्हती, पट्टा होता!) हा माणूस मला दमवून शेवटी सुसाट सुटणार, माझी खात्री पटली.

अर्ध्या वाटेत पाण्याचं टेबल होतं आणि केळ्यांचे अर्धे तुकडे. मी एक उचलला, वास घेतला. "ही केळी कुठली?"

"काका, खा आणि पळा," तिथला पोरगा म्हणाला.

"जळगावच्या माणसाला केळ्याचं सांगतोस? पावडर टाकून पिकवलंय हे! सालीला रंग आहे, गराला चव नाही. कोणी दिली ही?"

माझा आवाज वाढला तशी मागे गर्दी साचली. ज्यांना केळं हवं होतं ते आणि ज्यांना नको होतं ते, सगळेच अडकले. शेवटी नानांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चला भाऊ. केळी इथेच राहतील, लोक पुढे चालले."

आणि ते अजूनही माझ्यासाठी थांबलेले! संशय आता गळ्यापर्यंत आला.

शेवटचं वळण. समोर कमान, खाली पांढरी रेघ, दोन्ही बाजूंना माणसं. माझी लेक सोनल मोबाइल उगारून ओरडतेय, "पप्पा, चला! नाना, चला!" मी जीव खाऊन पळालो. नाना बरोबरच. रेघ दोन पावलांवर आली, आणि नाना एकदम थांबले. हात पुढे करून म्हणाले, "व्हा पुढे भाऊ. तुम्ही आधी."

इतके महिने ज्यासाठी तंगड्या मोडल्या ते समोर होतं. नुसतं पाऊल टाकायचं. पण मी धंद्यात एक गोष्ट कायम पाळली आहे: समोरचा घासाघीस न करता 'घ्या' म्हणाला, की आपण हात मागे घ्यायचा. मालात काहीतरी असतं.

मीही थांबलो. "नाही नाना, तुम्ही आधी. तुम्ही मुलाकडचे."

"छे छे, तुम्ही पाहुणे आमच्या गावात."

"मुलीच्या बापाने पुढे जायचं? लोक काय म्हणतील?"

"आणि पाहुण्याच्या आधी मी गेलो तर लोक काय म्हणतील?"

माइकवरचा माणूस ओरडायला लागला, "काका, रेघेवर थांबू नका! काका, पुढे या! दोन्ही काका!" शाळेची पोरं आमच्या दोन्ही बाजूंनी जात होती. एक आजोबा काठी टेकत गेले. एक बाई कडेवर लेकरू घेऊन गेली. आणि मग मागून ओळखीचा आवाज आला, "...मी तर बाई उडदाच्या पापडात मिरे कमीच घालते. सरका हो जरा!" मंगला आणि विहीणबाई आमच्या दोघांच्या मधून, गप्पांचा धागा न तोडता, रेघ ओलांडून गेल्या. दोघींच्या गळ्यात मेडल पडलं तरी पापडांचं चालूच.

ते बघून आम्ही दोघंही भानावर आलो आणि एकाच क्षणी पुढे झालो. खांद्यावर खांदा आपटला. नाना डगमगले. मी बसलो. रेघेच्या अलीकडे, डांबरावर, मांडी घालून.

आणि उठता येईना.

काखांत दोन हात आले. "हळू भाऊ, हळू." मी वर बघितलं तर सोनलचा मोबाइल माझ्यावरच रोखलेला.

भरिताच्या पंगतीत मी खाली मान घालून जेवत होतो. (भरीत उत्तम होतं. वांगी माझी होती.) शेवटी राहवेना. "नाना, खरं सांगा. मला पुढे का जाऊ देत होते?"

नानांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला आणि हळूच सुनेकडे बघितलं. "तुमच्या लेकीमुळे भाऊ. 'माझे पप्पा या वयात पळतात,' म्हणून तिने मला रोज पहाटे उठवायला सुरुवात केली. मला कुठे पळायचं होतं? म्हटलं, एकदा तुम्ही माझ्यापुढे गेले की सांगता येईल, भाऊंची बरोबरी आपल्याला जमणार नाही, आणि मी सुटेन!"

म्हणजे मालात खरंच काहीतरी होतं! माझा संशय बरोबर होता! मी इतका खूश झालो की आणखी एक भाकरी मागून घेतली.

"मग माझी कचोरी? ती कोणी फोडली?"

"पप्पा," सोनल म्हणाली, "मी तुमच्या फोनमध्ये पळण्याचं अॅप टाकून दिलं होतं ना? त्यात तुम्ही कुठे पळता आणि कुठे थांबता, सगळा नकाशा आमच्या ग्रुपवर येतो. कचोरीच्या गाडीपाशी तर तुम्ही इतका वेळ उभे असता की मला वाटायचं फोन बंद पडला."

चहावाल्याची मी अजून माफी मागितलेली नाही. मावशीचा खुलासा व्हायचा आहे.

आता घरी पाहुणे आले की सोनलने जोडलेले दोन्ही व्हिडिओ एकापाठोपाठ लागतात, आधी सोवळ्यातला, मग चड्डीतला. सनई दोन्हींना तीच. पण दुसऱ्यात माझ्या गळ्यात मेडल दिसतं, त्यामुळे नवीन माणसाला मी तिथे थांबवून ते दाखवतो. फक्त त्याने मेडल कसं मिळालं असं विचारलं की मंगला स्वयंपाकघरातून ओरडते, "ते माझं आहे! खुर्चीत रडकं तोंड करून बसले होते, म्हणून मीच घातलं त्यांच्या गळ्यात!"

आणि ते खरं आहे. मी रेघ कधी ओलांडलीच नाही. नानांनी मला उचललं ते मागच्या बाजूला, आणि मी चिडून तसाच खुर्चीकडे गेलो. मागच्याच बाजूला का उचललं, याचा तपास मी अजून करतोय.