व्हिडिओतले हात

सुवर्णा माझी धाकटी जाऊ. बाई वाईट नाही, पण तिचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मखमलाबादला आमचा झेंडू-शेवंतीचा मळा. रोज सकाळी आम्ही दोघी फुलबाजारात शेजारी शेजारी बसून हार ओवतो. लग्न होऊन ती आली तेव्हापासून घरात एकच गाणं. सुवर्णाचा रंग, सुवर्णाचं हसणं, सुवर्णाच्या हातची भाजी. तिच्याआधी कितीतरी वर्षं मी त्या घरात भाकऱ्या थापत होते, त्या काय कावळ्यानं खाल्ल्या?

मग तिला संधिवात झाला. बोटांची पेरं सुजली, सुई धरवेना. गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी इंजेक्शन चालू केलं. मला वाटलं, आता तरी कौतुकाला खंड पडेल. कसलं काय! ते इंजेक्शन ज्या कंपनीचं, तिची माणसं डॉक्टरांकडं आली आणि बऱ्या झालेल्या पेशंटचा व्हिडिओ करायचा म्हणून त्यांनी हिलाच निवडलं. दुखण्यातसुद्धा पहिला नंबर! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला मेलीला साधा तापही येत नाही.

शूटिंग आमच्या दुकानासमोरच झालं. सुवर्णा हसली, झकास हसली. मग कॅमेरेवाली योगिनी म्हणाली, "आता भराभर हार ओवून दाखवा." इथं गाडं अडलं. दुखणं कमी झालं होतं, खोटं कशाला बोलू, पण बोटं काही पूर्वीसारखी वळत नव्हती. सुई सारखी निसटायला लागली. तेव्हा योगिनी माझ्याकडं वळली.

"काकू, फक्त हात द्याल का? चेहरा येणार नाही."

मी सुवर्णाच्या हिरव्या बांगड्या चढवल्या आणि असा हार ओवला की बघत राहावं. म्हटलं, निदान हात तरी येतील.

व्हिडिओ मोबाईलवर आला आणि घरोघर पोचला. औषधाचं नाव त्यात कुठंच नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या औषधाची तशी जाहिरात करता येत नाही म्हणे. नुसतं शेवटी, 'आजच डॉक्टरांशी बोला.' त्याखाली आपला नंबर टाकला की एक मुलगी फोन करून गोड आवाजात विचारते, ताई, सांधे दुखतात का? इकडं नातेवाईक, व्यापारी, देवळाली कॅम्पातली गिऱ्हाइकं, सगळ्यांचं एकच, "सुवर्णा, काय झरझर हात चालतात गं!" मी डाव्या अंगठ्यावरचा विळ्याचा वण दाखवून सांगायचे, ते हात माझे आहेत. लोक हसायचे. सासूबाई तर म्हणाल्या, "जळती मेली." जळतच होते. आयत्या बिळावर नागोबा बसल्यावर बिळवाल्यानं काय आरती ओवाळायची?

परवा मालेगावहून एक म्हातारी आली, नवसाबाई नावाची. बोटं पार वाकडी झालेली. सुवर्णाला बघून तिचे डोळे भरून आले.

"मोबाईलमधी तुलाच बघितलं ना? आमचा डॉक्टर म्हणतो, तुला टीबी होऊन गेलाय, ते इंजेक्शन घेतलं तर तो परत उठंल. मी नाय ऐकलं. त्यानं दिलेल्या सांध्याच्या गोळ्या बंद केल्या. आता तुझे हात बघते अन् दुसरा डॉक्टर धरते. दाखव गं पोरी."

सुवर्णानं हात पदराखाली घेतले. तिचं हसू पार मावळलं होतं. मग माझ्याकडं बघून ती म्हणाली, "सांगा ताई, हात कोणाचे ते."

केव्हापासून मला हेच ऐकायचं होतं. मी मोबाईलवर तो व्हिडिओ लावला आणि शेजारी माझा अंगठा धरला. वणाला वण जुळला.

"हात माझे हायेत, मावशी. मला संधिवात कधी झालाच नाय. तुम्ही तुमच्या गोळ्या चालू करा."

या वेळी कोणी हसलं नाही. नवसाबाईनं माझे हात हातात घेतले, उलटेसुलटे करून बघितले. तिच्या नजरेत काय होतं ते मला लगेच कळलं. तीच नजर घेऊन मी वीस वर्षं सुवर्णाकडं बघत आले. शेजारी मान वळवली, तर सुवर्णाचे डोळेही माझ्या बोटांवरच होते, आणि तेही अगदी तसेच. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक.

मी हात सोडवले आणि पदराखाली घेतले.