तांब्यावरचं नाव

आधीच सांगते – भूत, भानामती, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी हायस्कूलला चित्रकला शिकवायचे. "समोर दिसतं तेच काढा" हे इतक्यांदा म्हणायचे, की मुली माझी नक्कल करायच्या! समोर नसलेलं काही काढलं, की दोन मार्क कापायचे.

साधारण चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर सालची गोष्ट. चिंचवडची आमची मुलींची शाळा, सकाळचं सत्र, आठवीचा शेवटचा तास. विषय वस्तुचित्र. मधोमध टेबल, त्यावर मी घरून आणलेला पितळी तांब्या आणि दोन वांगी. भोवती गोल बाकं. म्हणजे प्रत्येकीला तांब्याची वेगळी बाजू दिसणार, शेजारणीचं बघून काढायची सोयच नाही. एवढं मांडून दिलं आणि हेडमास्तरांनी बोलावलं. परत आले तर घंटा होऊन वह्या टेबलावर जमा झालेल्या.

तिथेच तपासायला बसले. पहिल्याच वहीत तांब्याच्या पोटावर अक्षरं – "हर". माझा तांब्या तर कोरा! भांड्यांवर नाव घालतात, तसं हिनं मनानंच घातलं असणार. दोन मार्क कापले. दुसऱ्या वहीत "गण". तिसरीत "स्मर"... आणि लाल पेन्सिल थांबली. ज्या पोरींना तांब्याचा काठ धड काढता येत नव्हता, त्यांची अक्षरं मात्र गोलाईवरून अगदी बरोबर वळत होती.

मुली जशा बसल्या होत्या, तशा क्रमानं मी वह्या फरशीवर गोल मांडल्या. आणि फिरत फिरत वाचलं...

"कै. मनोहर गणपत", पुढे आमचं आडनाव, "यांच्या स्मरणार्थ".

मनोहर म्हणजे माझे मिस्टर. सकाळी आम्ही बरोबरच घरातून निघालो होतो. ते फर्स्ट शिफ्टला, धडधाकट.

मॉनिटर सुनंदा बाकं सरकवत होती. तिला हाक मारली. "तांब्यावर नाव कुठं आहे गं?"

"हाय की बाई, ह्ये..." तिनं तांब्या उचलला, फिरवला, बोटांनी चाचपला. "मगाशी व्हतं."

"काय लिहिलं होतं?"

"न्हाई ठावं. आमाला ज्येला त्येला थोडं थोडंच दिसत व्हतं."

मी तशीच निघाले. कंपनीपर्यंत अक्षरशः पळत गेले. गेटवर वॉचमन निरोप घेऊन आत गेला तो येईचना. आतून मशिनींचे दणके ऐकू येत होते. मग तो एकटाच आला. "मशीनवर न्हाईत ओ ते."

गेटचा गज धरून उभी राहिले... आणि शेडच्या कडेनं हे आले, हात पुसत!

"काय झालं? पोरगी बरी हाय ना?"

"मला बरं वाटत नाही. घरी चला."

"अगं, अर्धी रजा जाईल."

"जाऊ दे. चला म्हणते ना!"

ते आले. त्या दिवशी कंपनीत काहीही घडलं नाही, नंतर मी खोदून खोदून विचारलं. वह्यांमधली अक्षरं मी एकेक करून रबरानं खोडली, कापलेले मार्क परत दिले. पुढच्या आठवड्यात तोच तांब्या, तोच वर्ग – एकीच्याही चित्रात अक्षर नाही. पोरींची मस्करी म्हणावी, तर माझ्या सासऱ्यांचं नाव त्यांना कुठून कळणार? काही टळलं की टळायचं असं काही नव्हतंच? मला आजही माहीत नाही.

ह्यांना मी कधीच सांगितलं नाही. घरी आल्यावर मी चांगली चार पोळ्या जेवले, तेव्हा म्हणाले, "आता खरं सांग, कशाला आलीवतीस?" तोंडातून निघून गेलं, "तुमची आठवण आली म्हणून."

आता ऐंशी ओलांडलीय त्यांनी. नातवंडांना, व्याह्यांना, दिसेल त्याला सांगत असतात, "बायको भर दुपारी कंपनीच्या गेटवर! का, तर आठवण आली!" सगळे हसतात. मीही हसते, आणि हसता हसता त्यांचा हात घट्ट धरते.

"बघा," ते म्हणतात, "अजून येती!"