‘कशावरून?’ विचारणारी शिवलीला

शिवलीला हिरेमठ गडहिंग्लजची. १९९८ साली राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासात ती माझ्या शेजारी बसायची. आम्ही दोघी बी.ए. झालेल्या, गणिताला दहावीतच रामराम ठोकलेला. तेव्हा कोल्हापुरात गल्लोगल्ली असले क्लास निघाले होते आणि बहुतेक पाट्यांवर ‘गणिताची गरज नाही’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असायचं. आमच्या धैर्यशील सरांच्या पाटीवर तसं काही नव्हतं. पण हे आमच्या लक्षात आलं फी भरल्यावर.

तीन आठवडे झाले तरी सर फळ्यावर नुसती गणितंच सोडवत होते. चार कॉम्प्युटर कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कव्हराखाली गपगार.

“पोकळ खोकी असणार बघ,” शिवलीला माझ्या कानाशी म्हणाली. “मशिन न्हाईत म्हणून गणितावर दिवस ढकलायलेत.”

तिनं घरी कळवलं आणि सोमवारी सकाळच्या एस.टी.नं तिचे वडील, रुद्रय्याप्पा, हजर झाले. त्यांचं बियाण्यांचं दुकान. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातलं बी वर काढल्याशिवाय माल घ्यायचे नाहीत.

“पावणं, ते कव्हर काढा की जरा,” ते सरांना म्हणाले.

सरांनी हसत कव्हरं काढली, बटणं दाबली. चारही मशिन सुरू झाली. अप्पांचं समाधान झालं, लेकीचं नाही.

“मशिन चालू हाईत, मग आमाला हात का लावू देत न्हाईसा?”

“उद्या लावा,” सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडून एक छोटा प्रोग्रॅम टाइप करून घेतला. एक आकडा घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, तोच आकडा मिळवायचा आणि वर एक्केचाळीस मिळवायचे. एक घेतला तर त्रेचाळीस, दोन घेतले तर सत्तेचाळीस, तीन घेतले तर त्रेपन्न. यांतल्या कुठल्याच उत्तराला, एक आणि ते स्वतः सोडून, कशानंही भाग जात नाही. मशिननं एकपासून एकोणचाळीसपर्यंतची उत्तरं भराभर दाखवली. भाग जाणारं एकही नव्हतं.

“मग हे कायमच खरं?” सरांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवलीला उठून उभी राहिली.

“कशावरून? एकोणचाळिसावरच का थांबलासा? पुढचं का दाखवत न्हाईसा?”

सरांनी खडू तिच्यापुढं धरला. “तूच सांग. मशिनला हात न लावता.”

ती फळ्यापाशी गेली, आकडा म्हणून एक्केचाळीसच घेतला. मग तिनं लिहिलं: ४१ × ४१ + ४१ + ४१. “तिन्हीत एक्केचाळीस हाय. म्हणजे बेरजेलाबी एक्केचाळिसानं भाग जाणार की. मोजायचं कशाला?”

सर खुर्चीत बसले. “मशिन सांगेल ते किती वेळा खरं ठरलं, हे मोजून भागत नाही. ते का खरं आहे, हे आपल्यालाच शोधावं लागतं. तीन आठवडे मी तेवढंच शिकवतोय.”

“मग हे आदीच सांगायचं की,” ती पुटपुटली. पण त्या दिवसापासून तिनं गणिताची वही घरी ठेवली नाही.

२००३ साली ती शहराबाहेरच्या एका खासगी डेअरीत कॉम्प्युटरवर लागली. तिथं दूध घालणाऱ्या प्रत्येकाला एक नंबर होता. दुधाच्या नमुन्याचं फॅट मोजून त्या नंबरावर चढवायचं आणि सगळ्यांचं चढवून झालं की चिठ्ठ्या छापायच्या. कळंब्याच्या चिमणाबाईचा नंबर सतरा. दोन म्हशींचं घट्ट दूध, आणि एका आठवड्यात तीनदा चिठ्ठी आली की दूध पातळ आहे.

सुपरवायझर बाळासोनं सगळ्यांदेखत तिला सुनावलं, “मावशी, पाणी घालायचं बंद करा.”

“माझ्या म्हशीला आचळाच्या जागी नळ हाय व्हय?” चिमणाबाई कडाडली. पण रांगेतल्या बायका तिच्यापासून दोन पावलं सरकून उभ्या राहिल्या.

शिवलीलानं बाळासोला मशिनबद्दल विचारलं.

“सहा महिने चाललंय, एकदा तरी चुकलंय? माणूस खोटं बोलतंय, मशिन न्हाय.”

“सहा महिने म्हणजे एकोणचाळीसच की,” असं तिच्या मनात आलं, हे तिनं मला नंतर सांगितलं. तिनं महिन्याभरातल्या तक्रारी काढल्या. नंबर चार, नऊ, सतरा, बावीस. सगळे चाळिसाच्या आतले. शंभराच्या पुढच्या एकाचीही तक्रार नव्हती. असं का? मग तिला आठवलं, त्याच महिन्यात मुरगूडकडची गावं जोडली होती आणि शेवटचा नंबर एक हजार चाळीसवर गेला होता. प्रोग्रॅम फक्त शेवटचे तीन आकडे धरत असेल, तर १०१७ आणि १७ त्याच्या लेखी एकच. मागून आलेल्या मुरगूडच्या पातळ दुधाचा आकडा चिमणाबाईच्या नावावर बसणार.

तिनं बाळासोला शेजारी बसवलं आणि १०१७ वर मुद्दाम नऊ फॅट चढवलं. मग सतरा उघडला. तिथंही नऊच. बाळासोनं तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला.

पुण्याहून माणूस येऊन प्रोग्रॅम दुरुस्त करून गेला. खोट्या चिठ्ठ्या रद्द झाल्या. पुढं डेअरीत कुठलाही नवा प्रोग्रॅम आला की आधी शिवलीलाच्या टेबलावर यायचा, आणि कुठं चुकतो ते शोधत ती तो मोडायलाच बसायची. माफी मागायला मात्र बाळासो स्वतः गेला नाही. कागदावर दोन ओळी लिहून त्यानं तो शिवलीलाच्या हाती दिला.

चिमणाबाईनं कागद उलटसुलट केला. तिला वाचता येत नव्हतं. शिवलीलानं मोठ्यानं वाचून दाखवलं: चूक मशिनची होती, तुमचं दूध चोख आहे.

म्हातारीनं कागदाची घडी घालून कमरेला खोचली. “तू म्हणतीस तसंच लिवलंय का, ते आमच्या गल्लीतल्या मास्तरकडनं वाचून घेतो.”

“घ्याच,” शिवलीला म्हणाली.