अंगावर उतलेलं जपान

म्युनिकच्या एका मोटार कंपनीत पद्माकर देवस्थळीने अकरा वर्षं डॅशबोर्डच्या कप्प्याच्या बिजागरीवर काढली. एका बिजागरीवर अकरा वर्षं काढणारा माणूस एकतर फार हुशार असतो किंवा अजिबात नसतो, आणि दुसऱ्या गटात बसायला पद्माकर एका पायावर तयार असे.

२०१४ साली कंपनीने ठरवलं, नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर जपानी रोगण चढवायचं. झाडाच्या चिकाचं, थरावर थर देऊन घोटलेलं, काळंभोर. "यातलं कोणाला काही कळतं?" साहेबीण फ्राऊ लिंडनरने विचारलं. टेबलाभोवती आशिया खंडातला असा एकटा पद्माकर. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि या गड्याने मान डोलावली.

"गेनाऊ, अगदी बरोबर! आमच्याकडे ही परंपरा आहेच."

आमच्याकडे म्हणजे सांगलीला. तिथे त्याने रंगवलेली शेवटची वस्तू म्हणजे गणपतीचं मखर, तेही ऑइलपेंटने. पण बिजागरीतून सुटायची ही एकच वाट होती आणि ती त्याला मनापासून हवी होती.

जपानहून शिमोजो नावाचे वयस्क कारागीर आले. त्यांनी डॅशबोर्डच्या एका पट्टीवर रोगणाचा शेवटचा हात दिला आणि ती पद्माकरच्या स्वाधीन केली. "सोमवारी दाखवायची. वाळवायचं कसं, ते तुम्हाला माहीतच आहे." पद्माकरने ती लॅबच्या भट्टीत ठेवली, साठ अंशांवर. बुधवारी बोट लावून पाहिलं, चिकट. गुरुवारी पाहिलं, चिकट. शुक्रवारी दोन्ही हातांनी चाचपली, घाम फुटला म्हणून त्याच हातांनी तोंड पुसलं आणि पट्टी घरी आणली.

शनिवारी सकाळी आरशात दुसराच माणूस उभा. पापण्या टम्म, हातभर पुरळ. नागपूरहून आलेल्या सासूबाई, मालिनीबाई, बघताक्षणी म्हणाल्या, "अहो पद्माकरराव, हा तर बिब्बा उतलाय! इथे कुठे सापडला तुम्हाला बिब्बा?"

"आई, ही जपानी कला आहे."

"असेल. चीक तो चीकच. आमचा धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या खुणा करायचा, त्याचे हात पाहिलेत मी. खोबरेल लावा."

पद्माकरने इंटरनेट उघडलं. दोन्ही झाडं खरंच एका कुळातली निघाली. शिवाय हे रोगण कोरड्या उष्णतेत नाही, दमट हवेत कडक होतं, असंही कळलं. एवढा इंजिनीअर, आणि तीन दिवस भट्टी! स्वतःला चार शिव्या हासडून त्याने पट्टी बाथरूममध्ये, गरम पाण्याच्या बादलीशेजारी झाकून ठेवली. सोमवारपर्यंत ती कडक झाली.

पट्टी पाहून फ्राऊ लिंडनर खूश. पद्माकरला काही बोलायची गरजच नव्हती. पण शिमोजोंनी त्याचा चेहरा पाहिला आणि हळूच विचारलं, "पहिल्यांदाच?" आपणही तरुणपणी असेच महिनाभर सुजलो होतो, म्हणाले. एवढ्या आपुलकीपुढे पद्माकरला खोटं बोलवेना.

"पहिल्यांदाच. मला यातलं काही येत नाही. शिकवाल?"

म्हातारा हसून हो म्हणाला. अकरा वर्षांत पद्माकरला एवढा आनंद झाला नव्हता.

दुपारी त्याला कंपनीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी पुरळ नीट पाहिलं आणि नियमाप्रमाणे लिहिलं: या कर्मचाऱ्याने या रोगणाजवळ जाऊ नये. कायमचं.

"आल्झो, तर मग इथे सही करा."

त्याने सही केली. त्याला रडू आलं. पण पापण्या इतक्या सुजलेल्या, की बाईंना ते ॲलर्जीचंच पाणी वाटलं, आणि त्यांनी फॉर्मवर लक्षणांची आणखी एक ओळ वाढवली.