बंबातली कादंबरी

कादंबरीकाका कुठलंही पुस्तक सरळ शेवटपर्यंत वाचून दाखवत नसत. ऐन रंगात आलं, की पानात बोट घालून पुस्तक मिटायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "बोला, आता पुढं काय होईल?" आम्ही बायका चिडायचो. कुणाच्या हातात गवारीच्या शेंगा, कुणाच्या पुढ्यात तांदळाचं सूप, आणि सगळ्यांचा जीव पुस्तकातल्या कुठल्याशा पोरीत अडकलेला. पण काका ढिम्म. प्रत्येकीनं आपापला शेवट सांगितल्याशिवाय पुस्तक पुन्हा उघडत नसे.

मी लग्न होऊन नांदेडहून काचीगुड्याच्या त्या घरात आले, तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सुट्टी शुक्रवारची असे. घर आपांचं. आपा म्हणजे आमच्या मालकीणबाई. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांच्या मागच्या खोल्यांत दोन मराठी बिऱ्हाडं, एक आमचं आणि एक काका-काकूंचं. काका सरकारी कचेरीत मराठी कागदांचं उर्दू करायचे. आठवडाभर ते केलं, की शुक्रवारी दुपारी उलटा कारभार सुरू व्हायचा. हातात उर्दू कादंबरी आणि तोंडानं घडाघडा मराठी. पुस्तकच मराठी आहे असं मला बरेच दिवस वाटत होतं. आजूबाजूच्या दोघीतिघी निवडणं-टिपणं घेऊन येऊन बसायच्या. आपा मधल्या दाराच्या पडद्याआड असत. मराठी त्यांना सगळं कळे, बोलत मात्र आपल्या दखनीत.

एकट्यानं वाचतानाही काकांची तऱ्हा वेगळीच. प्रत्येक पुस्तक दोनदा वाचायचे. "पहिल्यांदा भुकेल्यासारखं वाचावं," म्हणायचे, "आणि दुसऱ्यांदा स्वयंपाकिणीसारखं. मीठ कधी घातलं, फोडणी कधी दिली, ते बघत." काकू म्हणायच्या, स्वयंपाकाचं एवढं कळतं तर एकदा वरण ढवळून दाखवा.

मधूनच स्वतः रचलेली एखादी गोष्टही सांगत. तुम्हाला हे सुचतं कुठून, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "मला काही सुचत नाही गं, मी नुसता ऐकतो." ऐकायला ते संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसत. एकदा रात्रीच्या जेवणापर्यंत आले नाहीत. काकूंचा जीव टांगणीला, माझे यजमान शोधायला निघालेले, तेवढ्यात स्वारी हजर. फलाटावर दोन भावांचं वाटणीवरून भांडण चाललं होतं. गाडी सुटली तसे भाऊ चढले, आणि त्यांच्यामागं काकाही चढले, ते थेट सिकंदराबादेपर्यंत. "भांडण अर्धं सोडून कसा येऊ?" असं वर आम्हालाच विचारलं.

मग त्यांनी स्वतःची कादंबरी लिहायला घेतली. दर शुक्रवारी एक प्रकरण. वाचताना त्यांचं लक्ष आमच्या हातांकडे. निवडणारे हात चालूच राहिले, तर प्रकरण नापास. त्याच रात्री पुन्हा लिहायला बसत. हात थांबले, की स्वारी खूश. गोष्ट होती गोदाकाठच्या रखमाची. नवरा निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीपलीकडे गेलेला, आणि ही गावात एकटी शेत, म्हैस आणि सासऱ्याचा खोकला सांभाळतेय. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. महिनाभरात ती आमच्या घरातलीच झाली. बाजारात चांगली वांगी दिसली, की काकू म्हणायच्या, ही रखमानं सोडली नसती.

ते वर्षच वाईट होतं. इंग्रज गेले, दिल्लीत झेंडा लागला, आणि इथं आम्ही जिथल्या तिथं. रझाकारांची दहशत वाढत चालली होती. खेड्यांतून येणारा प्रत्येकजण काहीतरी वाईटच सांगे. त्या दिवसांत काकांनी शेवटचं प्रकरण वाचलं. गावावर माणसं चालून येतात, आणि रखमा विहिरीत उडी घेते. हात तर सगळ्यांचेच थांबले होते, पण 'काका, छान' असं कुणी म्हटलं नाही. पडद्याआडून आपा म्हणाल्या, "ऐसा नक्को करो साब. कैकू मारे उसकू?" काका म्हणाले, "दिवसच तसे आहेत, आपा." मी त्या रात्री जेवले नाही. काकूंनी तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गल्लीत झडतीची हूल उठली. सरकारी नोकराच्या घरात असलं लिखाण सापडलं असतं, तर नोकरी गेलीच असती, शिवाय तुरुंग. काकांनी कादंबरी उचलली आणि न्हाणीतल्या बंबात घातली. झडतीवाले आले ते शेजारच्या गल्लीत, आणि तिथूनच परत गेले. काका अंगणात उभे होते. म्हणाले, "निदान यायचं तरी होतं." मग काकूंकडे वळून म्हणाले, "पाणी कडकडीत तापलंय, आंघोळ करून घे." आम्ही हसलो, आणि हसता हसता काकू रडायला लागल्या.

पुढं काकांचं वाचन थांबलं आणि लिहिणंही थांबलं. पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य गेलं. आमच्या छातीवरचा धोंडा उतरला; माझे यजमान रस्त्यातून मोठ्यानं गात घरी आले. पण आता आपांचं दार बंद राहू लागलं. त्यांच्या माहेरच्या गावाकडून काही चांगलं कानावर येत नव्हतं. तिकडं आता त्यांच्या लोकांवर तीच पाळी आली होती. काकू रोज मधल्या दारातून ताट सरकवायच्या आणि तिथंच टेकून बसायच्या. काकांचं तर राज्य गेल्याकडेही लक्ष नव्हतं. कचेरीतून आले, की भिंतीकडे तोंड करून पडत. मला फार वाईट वाटे. असा माणूस विझताना बघवत नाही.

सुट्टी रविवारची झाली. अशाच एका रविवारी काकूंनी सगळ्यांना निवडण घेऊन बोलावलं. "वाचा," त्या काकांना म्हणाल्या.

"काय वाचू? राख?"

"मग आम्ही सांगतो, तुम्ही लिहा. इतकी वर्षं पुढं काय, पुढं काय म्हणून छळलंत ना?"

आणि काकूंनी सुरुवात केली. रखमाची म्हैस सुटते तिथपासून. त्या अडल्या तिथं मी उचललं, मी चुकले तिथं दुसरीनं दुरुस्त केलं. रखमाचं बोलणं तर आम्हाला शब्द न् शब्द पाठ. काका आधी नुसते बघत राहिले, मग उठून दौत-टाक घेऊन आले. रविवारमागून रविवार ते चाललं. एकदा मध्येच टाक थांबवून म्हणाले, "इथं सूर्योदय होता. चांगला लांबलचक. कुणालाच आठवत नाही?"

"सूर्योदय रोज होतो हो," काकू म्हणाल्या. "पुढं लिहा."

काका जरा रुसले, पण सूर्योदय काही लिहिला नाही. "तुमच्या ध्यानात राहिलं नाही, ते जळायच्याच लायकीचं होतं," म्हणाले. पुढं आयुष्यभर लिहिताना त्यांनी हाच नियम पाळला.

शेवटच्या प्रकरणाचा रविवार आला. सगळ्यांना ते लख्ख आठवत होतं, आणि एकीचंही तोंड उघडेना. काका वाट बघत होते. तेवढ्यात पडदा हलला. कितीतरी दिवसांनी आपांचा आवाज आला.

"वो बावडी में उतरी थी साब. छुपने कू. सीढ़ियां थे ना अंदर? लोगां गए, फिर ऊपर आई. मैं सुनी ना, मेरेकू याद है."

सगळ्यांचे हात थांबले. मग काकू म्हणाल्या, "हो. असंच होतं." मी म्हटलं, "असंच होतं काका. वर आल्यावर तिनं पदर पिळला." दुसरी म्हणाली, "आणि म्हशीला हाक मारली."

काकांनी आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं. मग पडद्याकडे. चष्मा काढून बराच वेळ पुसला. "मीच विसरलो असेन," असं म्हणून त्यांनी लिहायला घेतलं, आणि मला इतकं हलकं वाटलं, की सुपातले तांदूळ सांडले. पडद्याआड आपा रडत होत्या. काकू उठून आत गेल्या.

कादंबरी छापून आली. फार गाजली वगैरे नाही. पुढं आम्ही तारनाक्याला राहायला गेलो, आपा गेल्या, काकू गेल्या. काकांची दृष्टी अधू झाली, तशी मी अधूनमधून वाचून दाखवायला काचीगुड्याला जायची. आमच्या शेवटच्या भेटीत त्यांनी ही कादंबरी वाचायला सांगितली. चाळत चाळत मी शेवटच्या प्रकरणाशी आले. रखमा विहिरीच्या पायऱ्या उतरली. काकांचे डोळे मिटलेले होते. मी पानात बोट घालून पुस्तक मिटलं.

"बोला काका, आता पुढं काय होईल?"

ते इतके छान हसले! म्हणाले, "वर येते ती. आपांना पक्कं आठवतंय."